दारं धरताना

चांगला पॉवर अ‍ॅम्प्लिफायर आधी हातांना कळतो. खोक्यातून काढायला गेलं की तो एका कुशीला जातो, कारण त्या कुशीत ट्रान्सफॉर्मर असतो. लोखंडाच्या गाभ्यावर तांब्याच्या तारेचे वेढ्यावर वेढे. माझ्याकडचा अ‍ॅम्प दोन चॅनेलचा आहे, दर चॅनेलला १०० वॉटचा. समोर एक बटण आणि एक बारीक दिवा, एवढाच त्याचा चेहरा. आवाजाची खुंटी नाही, बास-ट्रेबल नाही. मागे दोन स्पीकरच्या लाल-काळ्या खुंट्या, आत येणाऱ्या दोन वायरींची भोकं आणि विजेची जाड वायर. दोन्ही कुशींना अ‍ॅल्युमिनियमच्या उभ्या पात्यांची रांग. घरी आलेला माणूस विचारतो, यावर गाणं कुठून लागतं? यावर गाणं लागत नाहीच. गाणं दुसरीकडे लागतं, आवाज दुसरीकडे कमी-जास्त होतो. याच्याकडे काम एकच आहे, पण ते घरातल्या कुठल्याही उपकरणापेक्षा मला अधिक विलक्षण वाटतं.

रेकॉर्डच्या खोबणीतून सुई जे उचलते ते जेमतेम ५ मिलिव्होल्ट. प्री-अ‍ॅम्प ते व्होल्टभर करतो, तरी त्याच्यात स्पीकरचा पडदा हलवायचं बळ नसतं. ८ ओहमच्या स्पीकरला १०० वॉट द्यायचे तर २८ व्होल्ट आणि साडेतीन अँपिअर लागतात. ते बळ गाण्यातून येत नाही, भिंतीतून येतं.

मी मिरजेची. आमच्याकडे तानपुरा घडताना बघत पोरं मोठी होतात. पंढरपूरकडचा वाळलेला भोपळा, त्यावर तबली, तबलीवर घोडी, घोडीवर तारा. नुसती तार ताणून छेडली तर शेजारच्याला ऐकू जात नाही. भोपळ्यावर चढली की खोली भरते. पण भोपळा आपल्या पदरचं काही घालत नाही. बोटानं तारेला जे दिलं तेच तो हवेला देतो, जास्त हातांनी देतो इतकंच. अ‍ॅम्प्लिफायरचा धर्म निराळा. त्याच्या मागे पाणी साठलेलं असतं.

हे मला मळ्यातल्या दारं धरण्यावरून समजलं. पाटाला पाणी सुटलं की एक माणूस खोरं घेऊन उसाच्या सऱ्यांवर उभा राहायचा. मातीचं एक ढेकूळ सरकवलं की पाणी या सरीत, ते परत दाबलं की पुढच्या सरीत. पाणी त्यानं आणलेलं नसायचं. ते कुठल्या तरी धरणातून, स्वतःच्या वजनानं येत असायचं. त्याच्या मनगटात जोर किती, याला महत्त्व नव्हतं. दार कधी आणि किती उघडलं, यालाच होतं. अ‍ॅम्पमधला ट्रान्झिस्टर हेच करतो. ट्रान्सफॉर्मरनं उतरवलेली आणि मोठ्या कंडेन्सरांत साठवलेली वीज त्याच्या मागे उभी असते आणि प्री-अ‍ॅम्पकडून आलेला अशक्त संकेत दार हलवत असतो, कधी सेकंदाला शंभरदा, कधी दहा हजारदा. भीमसेनजींची तान म्हणून आपण जे ऐकतो ते खरं तर महावितरणचं पाणी आहे, त्यांच्या गळ्याच्या आकारानं सोडलेलं.

आणि हे पाणी अगदी शब्दशः पाणी असू शकतं. कोयनेच्या जलाशयाचं बरंचसं पाणी पोफळीकडे कोकणात उतरतं आणि वीज होऊन आपल्याकडे परततं. उरलेलं कऱ्हाडला कृष्णेत मिसळून आमच्या दारावरून जातं. माझ्या घरातली वीज कोयनेची किती आणि चंद्रपूरच्या कोळशाची किती, हे तारेत वेगळं काढता येत नाही. पण रात्री ऐकायला बसले की धरणाचा विचार मनात येतोच. भिंतीत एवढं काही थोपवून धरलेलं आहे, आणि ते मोकळं सोडताना कुणीतरी दारावर जागं असायला हवं.

म्हणून मी अर्थिंगबद्दल हट्टी आहे. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, वरचं मोठं भोकही असतं, पण त्याच्या मागे हिरवी वायर असेलच असं नाही. आमच्या परसात अर्थिंगचा खड्डा आहे, खाली कोळसा आणि मीठ. उन्हाळ्यात माती सुकली की अर्थिंगचा विरोध वाढतो, म्हणून चैत्रापासून त्यात बादलीभर पाणी घालायचं, ही माझ्या वडिलांची रीत मी चालू ठेवली आहे. अ‍ॅम्पची पेटी धातूची. आत फेजची वायर सुटून पेटीला टेकली तर ती २३० व्होल्टची होते, बघणाऱ्याला काहीही कळत नाही, दिवा जळत असतो, गाणं चालू असतं. अर्थिंग शाबूत असलं तर त्या क्षणी प्रवाह जमिनीकडे धावतो आणि फ्यूज उडतो. नसलं तर ती वाट पुढे हात लावणाऱ्याच्या शरीरातून जाते. घराच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरला तुटणारं आरसीसीबी बसवून घ्यावं, आणि त्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून ते पडतं की नाही ते पाहावं.

हट्टाचं आणखी एक कारण आहे. अ‍ॅम्प लावला आणि स्पीकरमधून घुम्म असा आवाज येऊ लागला की कुणीतरी जाणकार सांगतो, प्लगची वरची पिन काढून टाका, हम जाईल. हम जातो हे खरं आहे. पण घरातला माणूस जायची सोयही त्याच पकडीनं केलेली असते. मी हे जिथे ऐकते तिथे बोलते, पाहुणी असले तरी बोलते. हम बहुधा येतो तो दोन उपकरणांना जमिनीकडे जायच्या दोन वेगळ्या वाटा मिळाल्यामुळे. त्या वाटांचं कडं होतं आणि त्यात विजेचे ५० हर्ट्झ फिरत राहतात. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्यावीत. टीव्हीची केबल जोडलेली असेल तर ती काढून ऐकावं, पुष्कळदा चोर तीच असते. विजेची वायर आणि संकेताची वायर एकमेकींना समांतर न नेता काटकोनात ओलांडू द्यावी. हे सगळं करायला एक दुपार जाते. जाऊ द्यावी.

हा हम कानाला एवढा का बोचतो, याचं उत्तर मला तानपुऱ्यात सापडलं. ५० हर्ट्झ आणि त्याच्या वरच्या सप्तकातला १०० म्हणजे स्वर एकच. काळी एकच्या षड्जाला लावलेल्या तानपुऱ्याची पंचमाची तार सुमारे १०४ हर्ट्झला बोलते. म्हणजे हम त्या पंचमाच्या अगदी शेजारी बसतो, पण उतरलेला, अर्ध्या स्वरालाही न पोचणाऱ्या अंतरावर. तानपुरा जुळवणारा माणूस ज्या अंतरावर हमखास खुंटी पिळेल, नेमक्या त्या अंतरावर. खुंटी नसलेली ती एक पाचवी तार मैफलभर वाजत राहते.

स्पीकरच्या वायरी जोडताना अ‍ॅम्प बंद आणि प्लग बाहेर, याला अपवाद नाही. वायरीचं टोक सोललं की आतल्या बारीक तारांना घट्ट पीळ द्यायचा. एखादी तार सुटून लाल खुंटीवरून काळीला शिवली तर शॉर्ट होतो, आणि साठवलेलं सगळं पाणी एकाच फटीतून धावतं; आउटपुटचे ट्रान्झिस्टर आवाजही न करता जातात. मग लालला लाल, काळ्याला काळं. वायरीवर रंग नसेल तर दीड व्होल्टचा साधा सेल वायरीच्या दुसऱ्या टोकांना क्षणभर टेकवून बघावा: वूफरचा पडदा बाहेर आला तर सेलचं अधिक टोक ज्या तारेवर, ती लाल. मात्र त्या वेळी वायर अ‍ॅम्पला जोडलेली नको. एक स्पीकर सुलट आणि एक उलट जोडला गेला तर काही जळत नाही, म्हणूनच ही चूक घरोघरी वर्षानुवर्षं राहून जाते. एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. डग्ग्याची घुमक जाते, उरते नुसती टकटक. गायिका दोन स्पीकरच्या मध्ये समोर बसलेली दिसायला हवी, ती खोलीभर विरून जाते. वायर फिरवली की ती येऊन जागेवर बसते. हा बदल ज्यानं प्रत्यक्ष ऐकला आहे त्याला स्टिरिओ म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

ओहमचंही थोडं सांगते. दोन स्पीकर झाल्यावर स्वयंपाकघरात आणखी दोन लावायचा मोह होतो. ८ ओहमचे दोन समांतर जोडले की ४ होतात आणि तेवढ्याच व्होल्टला दुप्पट प्रवाह मागतात. अ‍ॅम्पच्या पाठीवर ४ चा आकडा छापलेला असेल तर चालेल. नसेल तर त्याला जाळायचा तो राजमार्ग आहे.

आता वॉट. दुकानात माणसं वॉटचा आकडा गाडीच्या वेगासारखा विचारतात. माझ्या स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबल आहे, म्हणजे १ वॉट दिला की मीटरभर अंतरावर ८७ डेसिबल. हा आवाज घरात मोठाच आहे. म्हणजे संध्याकाळचं माझं बहुतेक ऐकणं वॉटभरात, कित्येकदा त्याच्याही खाली होतं. मग बाकीचे ९९ कशाला? ते थापेसाठी. विलंबित ख्यालात आवाज शांत वाहत असतो आणि समेवर तबलजी डग्ग्यावर खुला हात टाकतो. त्या एका क्षणाला सरासरीच्या दहापट, वीसपट शक्ती लागते आणि पुढच्या क्षणी नको असते. अ‍ॅम्पजवळ ती नसेल तर लाटेचा माथा सपाट कापला जातो. याला क्लिपिंग म्हणतात. कापलेल्या लाटेत मूळ नादात नसलेले वरचे स्वर भरून येतात, ते नाजूक ट्विटरकडे जातात आणि त्याची केसाएवढी तार तापून तुटते. लहान अ‍ॅम्प शेवटपर्यंत पिळला तर स्पीकर जळण्याची भीती मोठ्या अ‍ॅम्पच्या निवांत चालण्यापेक्षा जास्त असते. ऐकणाऱ्याला आवाज दुप्पट वाटायला शक्ती दहापट लागते, हे एकदा लक्षात आलं की खुंटी आणखी थोडी फिरवायला गेलेला हात थांबतो.

कानांचा हिशोबही याच आकड्यांत आहे. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास सांगते आणि वर प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. शेजाऱ्यांसाठी कायदा आहेच: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल. पण ज्याचा अ‍ॅम्प चांगला जुळला आहे त्याला कायदा आड येत नाही. हळू आवाजातही तानपुऱ्याची जवारी शेवटपर्यंत ऐकू येते, तेव्हा वाढवायचं कशासाठी?

ती तशी ऐकू यावी यामागे एका माणसाचा विचार आहे, आणि त्याचं नाव आपल्याकडे घेतलं जात नाही याचं मला वाईट वाटतं. हॅरल्ड ब्लॅक. बेल लॅबोरेटरीजमधला तरुण इंजिनिअर. लांब पल्ल्याच्या टेलिफोनच्या तारेवर एकामागून एक अ‍ॅम्प्लिफायर बसवावे लागत आणि प्रत्येक जण आवाजात आपली घाण मिसळत असे. २ ऑगस्ट १९२७ ला सकाळी हडसन नदीतून कामावर जाणाऱ्या बोटीवर उभं असताना त्याला उत्तर सुचलं आणि त्यानं ते हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावर मांडलं. गरजेपेक्षा कितीतरी जास्त वाढवायचं आणि बाहेर आलेल्याचा एक अंश उलटा करून पुन्हा आत सोडायचा. आत आलेलं आणि बाहेर गेलेलं यांत जो फरक पडला असेल तेवढीच चूक समोर येते आणि तिथल्या तिथे खोडली जाते. मिळालेलं बळ सोडून द्यायचं आणि बदल्यात शुद्धता घ्यायची. गवई तानपुऱ्याकडे कान देऊन लागता लागता स्वर सावरतो, ते याच जातीचं काम आहे असं मी मानते. दार हलवणाऱ्याला सरीच्या टोकाला पाणी किती पोचलं ते सतत दिसत राहावं, ही ती युक्ती. पण क्लिपिंग झालं की तीही थांबते. पाणीच संपलं तर दिसून उपयोग काय?

ब्लॅकला पेटंट मिळालं डिसेंबर १९३७ मध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अब्दुल करीम खाँसाहेब दक्षिणेत प्रवासात असताना गेले. त्यांची कबर आमच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे. दरवर्षी तिथे गाणी होतात, मोठमोठे लोक येऊन मोकळ्या अंगणात गाऊन जातात. खाँसाहेबांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ज्या तबकड्या दिल्या, त्या कर्ण्यात तोंड घालून. तेव्हा त्या कामात विजेचा थेंब नव्हता. गळ्याच्याच जोरानं मेणात खोबण उठत असे. तो आवाज आज माझ्या खोलीत येतो तो त्या दुसऱ्या माणसाच्या बोटीवरच्या विचारातून गाळून. दोघांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती. माझ्या बाकावर मात्र ते रोज एकत्र येतात.

अ‍ॅम्प तापतो. तापणं हा त्याच्या कामाचा भाग आहे. क्लास एबीमध्ये ट्रान्झिस्टर थोडे उघडेच ठेवावे लागतात, नाहीतर लाट शून्यावरून जाताना अडखळते. ती ऊब पात्यांवाटे हवेत जायला हवी, म्हणून वर आणि बाजूंना वीतभर मोकळी जागा हवी. आपल्या घरांत नवी वस्तू आली की तिच्यावर क्रोशाचा रुमाल पडतो, रुमालावर फुलदाणी, सणाला त्यावर समई. माझ्या आईनंही मायेनं घातला होता रुमाल. तिला पात्यांजवळ हात धरायला लावला, तेव्हा तिनंच तो काढून घेतला. उबेला पालही येते. मागच्या जाळीतून आत शिरलेली पाल दोन तारांना शिवली की तीही जाते आणि अ‍ॅम्पही, म्हणून मोठ्या भोकांवर बारीक जाळी लावलेली बरी, हवा अडू नये इतकीच. गळीत हंगामात कारखान्याची काजळी गच्चीवर पडते तशी आतही बसते. वर्षाकाठी ती उडवावी लागते. पण झाकण आपण उघडू नये. प्लग काढल्यावरही कंडेन्सरांत वीज राहते. माझ्या अ‍ॅम्पमध्ये दोन टोकांत ९० व्होल्ट असतात आणि ते ओसरायला वेळ घेतात.

चालू करायचा क्रम: आधी गाण्याचं उपकरण, मग प्री-अ‍ॅम्प, आवाज शून्यावर, आणि शेवटी पॉवर अ‍ॅम्प. बंद करताना तोच पहिला. उलट केलं तर आधीच्या उपकरणांचा प्रत्येक धक्का मोठा होऊन वूफरवर आदळतो. लाइट गेली तर आधी अ‍ॅम्पचं बटण बंद. ती परत येते तेव्हा व्होल्टेज उड्या मारत येतं. न्यूट्रल सुटलेला असेल तर एका फेजच्या घरात २३० च्या जागी ४०० च्या जवळ येऊ शकतात. पंखा एका लयीत फिरू लागेपर्यंत मी थांबते. वळवाची गडगड ऐकू आली की प्लगच बाहेर, टीव्हीची वायरही बाहेर.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीच्या पेठांत शिरली, तेव्हा पाण्याबरोबर कितीतरी घरांतलं गाणं गेलं. ओसरल्यावर लोकांनी अ‍ॅम्प आणि टेपरेकॉर्डर अंगणात उन्हाला मांडले होते. वरून वाळलेली पेटी आतून वाळलेली नसते. ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांत गाळाचं पाणी बसून राहतं. सांगलीतल्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडे तेव्हा दुकानाबाहेरपर्यंत रांग लागली होती. ते प्रत्येक अ‍ॅम्प धुऊन, दिवस न् दिवस वाळवून मग सिरीज बोर्डावर घ्यायचे. म्हणजे विजेच्या वाटेत आधी १०० वॉटचा पिवळा बल्ब, मग अ‍ॅम्प. बटण दाबल्यावर बल्ब लख्ख लागून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. सगळी वीज बल्ब पितो, अ‍ॅम्प वाचतो. क्षणभर उजळून मंदावला तर कंडेन्सर भरले आणि आत सगळं ठीक आहे. मी तिथे उभी राहून हे पाहिलंय. बल्ब मंदावला की समोर उभ्या असलेल्या माणसाचे खांदे खाली यायचे.

माझी भाची पुण्यात नोकरीला लागली तेव्हा माझा जुना, लहान अ‍ॅम्प मी तिला दिला. ऐकण्याची ओढ तिला आहे. लहानपणी ती माझ्या बाकाजवळ फरशीवर झोपून जायची. परवा तिचा फोन आला.

“आत्या, स्पीकर लावलेत, लालला लाल, सेलनं बघून. आता प्लग लावू?”

“सॉकेटला अर्थिंग आहे का बघितलंस?”

“तीन पिनांचं आहे.”

“ते झालं भोक. आत वायर आहे का?”

ती थांबली. मग म्हणाली, “मालकांना विचारते.” तासाभरानं परत फोन: मालकांना ठाऊक नाही, आणि बोर्ड उघडायला माणूस रविवारी येईल. आवाज जरा पडलेला होता. रेकॉर्ड प्लेअरवर तिनं मल्लिकार्जुन मन्सूर काढून ठेवले होते. तोवर मोबाइलच्या बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या स्पीकरवर ऐक म्हटलं. नको म्हणाली, ऐकायचे तर नीटच ऐकीन. मग आम्ही सोसायटीच्या मीटरजवळ अर्थिंगचा खड्डा कुठे असेल, त्यात शेवटचं पाणी कुणी घातलं असेल, यावर बराच वेळ बोललो. रविवारी सकाळी माणूस आला की ती मला फोन लावून ठेवणार आहे.